एकाच बुकिंगवरच्या दोघी

३ मार्च, मंगळवार

छकूने तिकिटं काढली. माझं आणि विहीणबाईंचं, एकाच बुकिंगवर. "आई, तुम्ही दोघी बरोबर आलात की मला घोर नाही," म्हणाली. म्हणजे मी एकटी आले असते तर हिला घोर लागला असता! इतकी वर्षं पडद्यांचं दुकान चालवतेय, हॉटेलांची कामं घेतली, शिडीवर चढून स्वतः रॉड ठोकले, आणि विमानात बसायला मला सोबत हवी.

ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरंच झालं. त्या बोलतील, तू ऐक." मग माझं तोंड बघून सारवासारव केली, "म्हणजे तुला सोबत होईल."

लेकीचं पहिलं बाळंतपण, तर आधी आई जाणार. सासूने मागाहून यावं, बाळ बघावं, कौतुक करावं. एवढी सरळ गोष्ट आहे. पण आमच्या छकूला काहीही विचारायचं झालं की पहिला फोन माईंना. माई म्हणजे विहीणबाई. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. उंच बाई, आणि आवाज असा की समोरचा आपोआप सरळ बसतो. नवरा गेल्यापासून एकट्या राहतात. मुलगा, म्हणजे आमचे जावई, आईशी फोनवर बोलतात ते "बरी आहेस ना, ठेवतो" एवढंच, असं छकूच सांगते. मग मुलाची भूक सुनेवर भागवायची, दुसरं काय. त्यात माझी लेक सापडली.

माझ्यापर्यंत बातमी येते तेव्हा ती शिळी झालेली असते.

१० मार्च, मंगळवार

सामानाचं वजन करायला विहीणबाई घरी आल्या होत्या. येताना काटा घेऊन आल्या. माझी बॅग उचलून म्हणाल्या, "यात काय विटा भरल्यात?" बाळाच्या खोलीचे पडदे होते, अस्तर लावलेले, दिवसाही अंधार व्हावा म्हणून. निम्मे त्यांच्या बॅगेत घातले. माझे पडदे आता त्यांच्या बॅगेतून जाणार.

तेवढ्यात छकूचा फोन आला. त्यांच्या फोनवर. मी समोर बसलेली असताना! त्या उठून गॅलरीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं, मान हलवत होत्या, मधेच कपाळाला हात लावत होत्या. आत आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही हो, पाळणा कुठल्या भिंतीला ठेवायचा ते विचारत होती."

पाळण्यावर इतका वेळ? आणि पाळण्यासाठी दार कशाला ओढायचं? मी विचारलंच. "वारा होता," म्हणाल्या. आमच्या गॅलरीत झाडाचं पान हलत नव्हतं.

मग जाताना मलाच सांगतात, "विहीणबाई, तिला फार प्रश्न विचारू नका फोनवर. दमते ती." माझ्या लेकीशी कसं बोलायचं याची शिकवणी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१२ मार्च, गुरुवार, दुपार, विमानतळ

विमान उशिरा आहे. आधी थोडा म्हणाले, मग आणखी, मग पाटीवरची वेळच पुसून टाकली. खुर्च्या अशा की बसलं तर कंबर मोडते, आडवं व्हावं तर मधे लोखंडी हात. बाजूच्या बाईचं पोर रडून रडून झोपलं.

विहीणबाई एका जागी बसायला तयार नाहीत. दर थोड्या वेळाने काउंटरवर जाऊन येतात. पाच मिनिटांपूर्वी आल्या आणि मला म्हणाल्या, "खायला मागून घेतलंय सगळ्यांसाठी. इतका उशीर झाला की त्यांनी द्यायलाच हवं, फक्त आपण मागायला हवं." आणि खरंच, एक मुलगी ट्रॉली घेऊन आली. सँडविच आणि पाणी. लोक विहीणबाईंकडे बघून हसले. एका टोपीवाल्या आजोबांनी त्यांना हात जोडले. सँडविच गार होतं. पण तसं बोलले मी एकटीच.

त्याच दिवशी, संध्याकाळ, हॉटेल

विमान रद्द झालं.

पाटीवर लाल अक्षरं आली आणि सगळा जमाव काउंटरवर जाऊन आदळला. पलीकडे एक तरुण, टाय सैल झालेला, घामाने डबडबलेला. कुणी शिव्या देतंय, कुणी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरून शूटिंग करतंय. तो एकच वाक्य म्हणत होता, "पैसे परत घ्या, इथे सही करा."

विहीणबाईंनी कोपराने वाट काढली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, पाणी पी आधी." तो प्यायलाच! मग म्हणाल्या, "आता सांग. पैसे परत की दुसरं विमान, यातलं काय घ्यायचं ते आम्ही ठरवायचं ना?"

"हो, पण मॅडम, सिस्टिममध्ये…"

"सिस्टिमचं नंतर बघू. मी तुला विचारतेय."

"हो. तुम्ही ठरवायचं."

मागे वळून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "ज्यांना पोचायचंच आहे त्यांनी पैशांवर सही करू नका. एकदा पैसे घेतले की ह्यांची जबाबदारी संपली, मग महागाचं तिकीट आपल्या खिशातून. दुसऱ्या विमानात जागा मागा, ह्या कंपनीचं नसलं तरी विचारा. रात्र काढायची वेळ आली तर खोली मागा. आणि विमान का रद्द केलं ते लेखी घ्या, पुढे भरपाई मागताना तेच विचारतात. स्वतः काही खर्च केलात तर पावत्या सांभाळा."

झालं. सगळे "मावशी, मावशी" करत त्यांच्याभोवती. रडणाऱ्या पोराची आई त्यांना आपलं तिकीट दाखवतेय, आजोबा आपलं. आणि मी? मी सामानाची राखणदार. दोन बॅगा, दोन पिशव्या आणि त्यांचा कोट. एकाने तर मला विचारलं, "तुम्ही मावशींच्या बरोबर का?" मी म्हटलं, "त्या माझ्याबरोबर आहेत." तो हसला. त्याला विनोद वाटला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गर्दी पांगल्यावर मी कोट द्यायला गेले तेव्हा विहीणबाई त्या तरुणाला हळू आवाजात म्हणत होत्या, "एकच जागा मिळाली तरी चालेल. पण आज. नाहीतर उद्या सकाळी पहिलं जे असेल त्यात."

एकच! बुकिंग दोघींचं, आणि मागतात एक. म्हणजे स्वतः पुढे जाऊन दवाखान्यात उभं राहायचं, बाळ हातात घ्यायचं, फोटो काढायचे. मी दुसऱ्या दिवशी पडदे घेऊन पोचायचं.

मी काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. दुकानात गिऱ्हाईक खोटं माप सांगतं तेव्हा करते तसा.

खोली दोघींना मिळून एक दिली आहे. त्या बाथरूममध्ये फोनवर बोलतायत. नळ सोडून.

१३ मार्च, शुक्रवार, सकाळ

हे विमानात लिहितेय. एकटी.

सकाळी चहा मिळतो का बघायला खाली आले, तर कालचाच तो तरुण हॉटेलच्या दाराशी उभा. कपडे तेच. "मॅडम, एक जागा आहे. लगेच निघायचं. मधे एका ठिकाणी विमान बदलावं लागेल, दुपारपर्यंत पोचाल. काल त्या मॅडमनी मागितली होती."

"मला द्या," मी म्हटलं.

"तुमचं बुकिंग एकत्र आहे. वेगळं करावं लागेल. त्यांना विचारलंत का?"

"विचारलंय."

असं कसं तोंडातून निघालं कोण जाणे. पण निघालं ते अगदी सरळ निघालं. वर जाऊन बॅग घेतली. विहीणबाई आंघोळीला गेल्या होत्या. रिसेप्शनवर सांगून ठेवलं की मी पुढे जाते म्हणून. त्यांनी सुद्धा हेच केलं असतं. काल माझ्या कानांनी ऐकलंय.

खिडकीची जागा आहे. खाली सगळं हातरुमालाएवढं दिसतंय. ह्यांना मेसेज केला, "एकटी निघाले." उत्तर आलं, "त्या कुठे आहेत?" मी कशी आहे हे नाही विचारलं.

त्याच दिवशी, दुपार, मधलं विमानतळ

पुढचं विमान गेलं नाही. आम्हाला आत बसवलं, दारं लावली, किती तरी वेळ तसंच ठेवलं, आणि मग उतरवलं. वैमानिकाची ड्यूटीची वेळ संपली म्हणे, आणि दुसरा वैमानिक नाही. हे म्हणजे शिंप्याने निम्मा पडदा शिवून सुई खाली ठेवायची आणि घरी जायचं!

इथे कुणी ओळखीचं नाही. सकाळपासून पोटात काही नाही. काउंटरवर एक मुलगी, फार गोड बोलणारी. "मॅडम, पैसे परत घ्या, इथे सही करा." मी पेन हातात घेतलं. डोकं चालतच नव्हतं. ह्यांना फोन केला तर "तिथल्या लोकांना विचार" म्हणाले.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन. उचलू की नको असं झालं. उचलला.

"कुठे आहात?"

सांगितलं. मला वाटलं आता फैलावर घेणार. पण म्हणाल्या, "मला सांगून गेला असतात तर पाव-लोणी तरी बांधून दिलं असतं. उपाशी निघालात. पैशांवर सही केलीत का?"

"पेन हातात आहे."

"खाली ठेवा."

ठेवलं.

"आता त्यांना सांगा, मला आजच्या आज पोचायचंय, दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवा. आणि जेवण मागा."

"तुम्हीच बोला तिच्याशी, फोन देते."

"नाही. तुम्ही बोला. मी ऐकतेय."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच असा खाली आलेला ऐकला. "विहीणबाई, बसलेल्या आहात का? छकूला सकाळी दवाखान्यात ठेवलंय. बीपी फार वाढलं. सिझर करावं लागेल बहुतेक, आजच."

"बीपी? तिला कुठे बीपी आहे?"

"दोन महिने झाले."

दोन महिने. त्यांना दोन महिने माहीत. मला नाही. माझ्या पोटचं पोर, तिचं बीपी चढतंय, आणि मी तिच्याशी पडद्याच्या रंगावर भांडत होते.

पुढे त्या म्हणाल्या, "मला इथून सरळ जाणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिलीय. आता निघतेय." म्हणजे त्या पोचणार आणि मी इथे. माझ्याच हाताने मी हे करून घेतलं होतं. फोन फेकावासा वाटला. पण फोन तसाच काउंटरवर ठेवला, चालू, आणि त्या गोड मुलीकडे वळले.

फाडून नेलेलं कापड परत घ्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी जो आवाज लावते, तो लावला. "मला पैसे नकोत. माझी लेक ऑपरेशनला जातेय. तुमच्या विमानाला माणूस नाही, हा दोष माझा नाही. शेजारच्या कंपनीचं विमान जातंय ते पाटीवर दिसतंय. त्यात बसवा. आणि रद्द का केलं ते लिहून द्या."

ती म्हणाली, "मॅडम, तसं सहसा होत नाही."

"मग आज होऊ दे."

ती आत गेली, वरिष्ठाला घेऊन आली. तो लॅपटॉपवर बराच वेळ टकटक करत राहिला. आज काही जमेना, पण उद्या पहाटेचं पहिलं विमान, दुसऱ्या कंपनीचं. राहायला खोली, जेवण, आणि कारण लिहिलेला कागद. मागे उभे असलेले दोघे-तिघे लगेच पुढे सरकले, "ताई, आमचं पण सांगा ना." सांगितलं.

फोन कानाला लावला. विहीणबाई अजून होत्या. "छान बोललात," म्हणाल्या. मी "हं" म्हटलं आणि ठेवून दिला. त्यांनी शाबासकी द्यावी आणि मला ती गोड लागावी, याचाच जास्त राग आला.

१४ मार्च, शनिवार

मुलगी झाली. काल संध्याकाळी. मी पोचले आज सकाळी.

दवाखान्याच्या मजल्यावर लिफ्ट उघडली तर समोर बाकावर विहीणबाई. केस विस्कटलेले, प्रवासातलेच चुरगळलेले कपडे. जावई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते, एवढा दाढीमिशांचा बाप्या. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मुलाला उठवायचं नव्हतं त्यांना. इतका वेळ बसून हात बधिर झाला असणार, पण हलवत नव्हत्या.

आत गेले. छकू पांढरीफटक. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय, "आई, रागावू नकोस."

मी कशाला रागावू? आल्या आल्या असं का म्हणावं तिने? मी कधी रागावले होते? "बरं वाटतंय का?" विचारलं तर "हो, हो, एकदम बरं," म्हणाली आणि लगेच डोळे मिटून घेतले.

बाळ काचेच्या पेटीत होतं. बघितलं. नाक माझं आहे.

बाहेर आले तोपर्यंत जावई चहा आणायला गेले होते. मी विहीणबाईंच्या शेजारी बसले आणि जे कालपासून मनात होतं ते बोलून टाकलं. "मला का नाही सांगितलं? मी तिची आई आहे."

"तिनेच शपथ घातली होती."

"तुम्हाला सांगते, मला नाही?"

त्यांनी अवघडलेला खांदा चोळला. मग म्हणाल्या, "मी घाबरले तरी तिचं काही बिघडत नाही. तुम्ही घाबरलात की तिला तुम्हालाच सांभाळावं लागतं. म्हणून भीती माझ्याकडे आणून टाकायची. बाकी सगळं तुमच्याकडे. कुठलाही फोन घ्या, शेवटी असतंच, 'माझी आई असं करते, माझ्या आईच्या हातचं असं.' मी आपली ऐकते. नोकरीच तशी होती."

मग मी हुकमाचं पान टाकलं. "आणि ती एक जागा? स्वतःसाठीच मागत होतात ना?"

मला वाटलं नाही म्हणतील.

"हो," म्हणाल्या. "माझ्यासाठीच. खोटं कशाला बोलू?"

आता यावर भांडायचं तरी कसं?

१९ मार्च, गुरुवार

छकूच्या घरी आलो. पडदे लावले. मीच शिडीवर चढले, विहीणबाईंनी खालून शिडी धरली. खोलीत छान अंधार झाला. छकू म्हणाली, "माई, तुम्ही म्हणाला होतात तसाच रंग खुलला." रंग त्यांनी सुचवला होता म्हणे! शिवले कुणी?

बाळाला आंघोळ सकाळी मी घालते. संध्याकाळी अंग पुसायचं काम त्यांचं. असं ठरलेलं नाही, पण झालंय. आज त्या माझ्या आधी उठून पाणी गरम करून बसल्या होत्या. पण टॉवेल माझ्याकडे होता. टॉवेल मिळेपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

विमान कंपनीकडे भरपाईसाठी त्यांनी तक्रार लिहायला घेतली आहे. दोघींची. माझ्या दोन विमानांची वेगळी. मला विचारलंही नाही, नुसतं म्हणाल्या, "तुमचे ते कारण लिहिलेले कागद द्या, तुम्ही मागून घेतलेत ते फार कामाला येतील." बाजूला छकू होती. तिने माझ्याकडे असं काही बघितलं, "आई, तू मागितलंस?" मी म्हटलं, "मग काय तर." हे मात्र छान वाटलं.

बाळ माझ्याकडे रडतं आणि त्यांच्याकडे गप्प बसतं. त्यांचा खांदा रुंद आहे म्हणून.

२४ मार्च, मंगळवार

दुपारी बाळ काही केल्या दूध घेईना. छकू बंद खोलीत होती, मी स्वच्छ कपडे ठेवायला गेले. बाळ तिच्या मांडीवर किंचाळत होतं आणि ती त्याच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होती. मी बाळ उचललं. फिरवलं. त्याला जरा डोळा लागला.

मी निघणार तोच छकू म्हणाली, "आई, दार लाव."

लावलं.

"मला काहीच वाटत नाही गं. सगळे म्हणतात बघितल्यावर भरून येतं. मला नुसती झोप हवीय. कधी कधी वाटतं हिला परत नेऊन द्यावं. मी वाईट आहे का?"

हंबरडा फोडावा, तिला कवटाळावं, जावयांना बोलवावं, डॉक्टरला फोन लावावा, सगळं एकदम वाटलं. पण मी चेहरा हलू दिला नाही. बाळाचं दुपटं सारखं करत बसले. माझं मलाच नवल वाटलं.

म्हटलं, "तू झालीस तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी आपली वस्तू आपल्याकडे ठेवून गेलंय. दाराकडे बघायची मी. कधी येतात आणि घेऊन जातात."

"खरंच?"

"मग कुणी आलंच नाही. म्हटलं, आता ठेवून घेऊ या."

ती हसली. मग रडली, बराच वेळ, माझ्या खांद्यावर. मी म्हटलं उद्या डॉक्टरांच्या कानावर घालू, तर हो म्हणाली. "तू असशील ना बरोबर?" असेन म्हटलं. मग हळूच म्हणाली, "माईंना नको सांगूस इतक्यात. त्या मला फार खंबीर समजतात."

"नाही सांगत."

तिला झोप लागेपर्यंत बसले आणि बाहेर आले. स्वयंपाकघरात विहीणबाई बाळाच्या बाटल्या पुसत होत्या.

"काय म्हणत होती? दार बंद होतं."

"काही नाही."

"रडण्याचा आवाज आला मला."

"बाळ रडत होतं."

"बाळाचा नव्हे. मला काही बोलली नाही ती."

"असंच हो. आमचं मायलेकींचं."

त्यांनी बाटली खाली ठेवली, परत उचलली, कोरडीच होती ती, परत पुसायला लागल्या. चेहरा एवढासा झाला होता. काय झालं काही कळेना. डोकं दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाल्या. चहा टाकू का विचारलं, तर नको म्हणाल्या आणि खोलीत जाऊन पडल्या.

मी एकटीनेच चहा केला, खिडकीशी बसून घेतला. कितीतरी दिवसांनी चहाला चव आली.